हॉलमधले नव्वद किलोमीटर

आमच्या मजल्यावरचा प्रकाश गायकवाड लग्नाला पळत जातो. उशीर झाला म्हणून नव्हे. पत्रिका हातात पडली की लोक वार आणि वेळ बघतात, हा अंतर बघतो. मागच्या उन्हाळ्यात त्याच्या मेव्हणीच्या मुलीचा मंगल परिणय डोंबिवलीला होता. मी आणि त्याची बायको वंदना त्याचा कोट, बूट आणि अत्तराची बाटली घेऊन टॅक्सीने गेलो. हा पहाटेच ठाण्याच्या नौपाड्यातून निघून, शीळफाट्याचा वळसा घेऊन, पाठीला पाण्याची पिशवी बांधून पळत आला. वीस-बावीस किलोमीटर. दारात गुलाबपाणी शिंपडणाऱ्या मुलींनी त्याला आधी बाजूला उभं केलं. त्यांना वाटलं, कुरिअरवाला.

कोट चढवून तो नवऱ्यामुलाच्या आजोबांच्या पाया पडायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. पोटरीत गोळा आला होता. आजोबा खडवलीचे, साधे. हा उठेना म्हणून त्यांनी पुन्हा आशीर्वाद दिला. तरी उठेना. तिसऱ्या आशीर्वादाला त्यांनीच डोळे पुसले. एवढा नम्र माणूस आयुष्यात पाहिला नाही, असं ते नंतर जेवणाच्या रांगेत उभ्या असलेल्या प्रत्येकाला सांगत होते.

प्रकाश बावन्न वर्षांचा आहे. वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात तो क्वालिटीला आहे, म्हणजे दिवसभर व्हर्नियर घेऊन लोखंडाचे सुटे भाग मोजायचे आणि केसाएवढा फरक निघाला तरी परत पाठवायचे. ठरलेल्या मापाच्या किती अलीकडेपलीकडे चालेल, याला त्यांच्याकडे टॉलरन्स म्हणतात. हा शब्द तो कारखान्यात ठेवून घरी येत नाही. वंदनाची आमटी, माझं ब्लडप्रेशर, सोसायटीच्या सेक्रेटरीचं बोलणं, सगळं एक तर टॉलरन्समध्ये असतं नाहीतर नसतं. दिवाळीला मी दिलेले रव्याचे लाडू त्याने खरोखर व्हर्नियरने मोजले. बारातले नऊ पास झाले. नापास झालेले तीन त्याने तिथेच उभ्या उभ्या खाल्ले, कारण सदोष माल साठवायचा नसतो म्हणे.

अशा माणसाला चाळिशी उलटल्यावर ट्रायथलॉनने धरलं. आधी दोन किलोमीटर पोहायचं, मग नव्वद किलोमीटर सायकल, मग एकवीस किलोमीटर धावायचं. हे सगळं एका दिवसात, साडेआठ तासांच्या आत. एक मिनिट जास्त झालं तरी नापास. मी त्याला विचारलं, अरे, तुला शिक्षा कोणी दिली? तर म्हणाला, काकू, फी भरून घेतली आहे.

मी हसते, पण मला हसायचा काही अधिकार नाही. तिशीत मीसुद्धा बायकांच्या बॅचला पोहायला जात होते. पूर्ण महिनाभर मी कठड्याची दांडी धरून पाय झाडले आणि घरी येऊन यांना सांगितलं, आज चार फेऱ्या झाल्या. हे एकदा बघायला आले. तेव्हा मी त्यांना पटवून दिलं की दांडी धरून पोहणं ही वरच्या दर्जाची पद्धत आहे. आणि लग्नाआधी हे मला बघायला आले होते तेव्हा क्रिकेट आवडतं का म्हणून विचारलं, तर मी म्हटलं होतं, आवडतं तर, गुगली हा माझा आवडता खेळाडू. तरी त्यांनी होकार दिला. पुढे पंचेचाळीस वर्षं एकही मॅच त्यांनी मला सुखाने किंवा एकटीने बघू दिली नाही.

हे जाऊन आता चार वर्षं झाली. त्यानंतर मी मॅचच्या दिवशी टीव्ही लावणंच सोडलं. मॅच काय, दिसायची ती दिसतेच. पण "हा आता आउट होणार बघा" हे वाक्य कोणाकडे बघून म्हणायचं?

तीन वर्षांपूर्वी एका रविवारी प्रकाश सायकल खांद्यावर घेऊन माझ्या दारात उभा. म्हणाला, वंदना घरात सायकल ठेवू देत नाही, आवाजाने तिचं डोकं उठतं. काकू, तुमच्या हॉलमध्ये चालवली तर चालेल का? आणि हो, आज मॅच आहे, टीव्ही लावाल ना, नाहीतर दोन तास भिंतीकडे बघून चालवायला लागेल. मला त्या पोराची दया आली. पोर म्हणजे पन्नाशीला टेकलेलं पोर. वंदना एवढी गोड बाई, पण नवऱ्याला सायकलसकट बाहेर काढते, असं मनात म्हणत मी सोफा सरकवला.

सायकलचं मागचं चाक लोखंडी स्टँडवर चढवलेलं, खाली माझी जुनी सतरंजी. चाक फिरतं, सायकल जागची हलत नाही. तो घाम गाळतो, मी शेंगा सोलते आणि दोघं मिळून अंपायरला शिव्या घालतो. नव्वद किलोमीटर झाले तरी गडी टीव्हीपासून चार हातांवरच. हे गेल्यावरही हळदीकुंकू मी बंद केलं नव्हतं; शेजारणी आल्या की आधी त्याच्या सायकलला वळसा घालायच्या. एकीने तर चुकून सायकलच्या हँडललाच हळद लावली. प्रकाशने सायकल थांबवली नाही, मान मात्र अदबीने वाकवली.

एक अडचण होती. सायकलवरून उतरलं की लगेच पळायचं असतं. पाय लाकडाचे झालेले असतात, त्याची सवय व्हावी म्हणून. त्यामुळे मॅच रंगात आली की नेमका हा जिना उतरून बिल्डिंगभोवती पळायला लागायचा आणि मी गॅलरीत. दर फेरीला खालून विचारायचा, काकू, किती? मी वरून ओरडून सांगायचे. मग माझ्या लक्षात आलं की चार विकेट पडल्या म्हटलं की हा जोरात पळतो आणि आरामात चाललंय म्हटलं की चालायला लागतो. तेव्हापासून मी आकडे माझ्या सोयीने सांगू लागले. समोरचा औषधवाला माझ्यावर विसंबून एकदा सबंध संध्याकाळ रडवेला होऊन बसला होता.

पण मागची दोन्ही वर्षं तो शर्यतीत नापास झाला. एकदा पोहण्यातच, एकदा शेवटी अकरा मिनिटांनी. मग त्याने वंदनाला शब्द दिला: पूर्ण झाली की सगळं बंद, सायकल भाच्याला. नाही झाली तर पुढच्या वर्षी पुन्हा.

आता खरं सांगते. मी शर्यतीच्या आधी महिनाभर देवासमोर हात जोडून उभी राहायचे आणि काय मागायचं तेच मला सुचायचं नाही. तो पूर्ण करणार म्हणजे माझा हॉल रिकामा. मी काही साधी बाई नाही. शर्यतीच्या आठवड्यात मी त्याला श्रीखंड, बासुंदी आणि तळलेले मोदक असं लागोपाठ नेऊन दिलं. त्याने हात जोडले. "काकू, प्रेम कळतं, पण हे टॉलरन्समध्ये नाही." सगळं वंदनाने खाल्लं.

शर्यत कोल्हापूरला, रविवारी. त्याच दिवशी भारताची मॅच परदेशात, म्हणजे आपल्याकडे सकाळची. मी एकटीने टीव्ही लावला. वंदनाचा फोन आला, पोहणं झालं, वेळेत. थोड्या वेळाने, सायकल झाली, वेळेत. मी बरं म्हटलं आणि शेंगा बाजूला ठेवल्या. भारताने मॅच आरामात जिंकली. खेळाडू हात मिळवून आत गेले आणि पडद्यावर पंख्यांच्या जाहिराती लागल्या. तेवढ्यात पुन्हा फोन. वंदना रडवेली. धावायच्या फेऱ्या एकाच रस्त्यावर होत्या, दर दहा-बारा मिनिटांनी तो तिच्यासमोरून जायचा. पाच किलोमीटर उरले होते, आणि आता तो चालत होता. पाय उचलत नाहीत म्हणतात, पुढच्या वर्षी बघू म्हणतात. काकू, तुम्ही बोला, मी फोन स्पीकरवर टाकते.

पुढच्या वर्षी बघू. मला हवं ते वाक्य त्याने स्वतःच्या तोंडाने म्हटलं होतं. मी फक्त "हो रे बाबा, जिवाला जप" म्हणायचं, की सायकल माझ्या हॉलमध्ये आणखी एक वर्ष.

लांबून त्याचा आवाज आला. "काकू, किती?"

"शेवटची ओव्हर," मी म्हटलं. "अकरा हवेत, दोन विकेट हातात. पळ."

तो पळाला असं वंदना म्हणाली. दहा मिनिटांनी पुन्हा समोर आला तेव्हा तीच ओव्हर चालू होती, कारण मी मैदानात एक कुत्रं सोडलं होतं. त्याच्या पुढच्या फेरीला मैदानावरचे दिवे गेले. त्यानंतर तिसऱ्या अंपायरने एका कॅचचा निकाल द्यायला जेवढा वेळ लावला, तेवढ्यात माणूस कोल्हापूरहून साताऱ्याला पोहोचेल. शेवटच्या फेरीला मी एक चेंडू, चार धावा यावर सामना टेकवला आणि म्हटलं, आता मला काही दिसत नाही, तू शेवटी पोहोच, मग सांगते.

चार मिनिटं राखून पोहोचला. मी टीव्ही बंद केला आणि बराच वेळ सतरंजीवरचे तेलाचे डाग बघत बसले.

मंगळवारी दोघं परत आली. प्रकाशच्या गळ्यात मेडल, चाल बदकाची. म्हणाला, काकू, तुमचं ते कुत्रं टॉलरन्समध्ये नव्हतं. मग वाकून स्टँडचे नट सोडवायला लागला. मी म्हटलं, राहू दे की दोन दिवस. तर म्हणाला, भाचा उद्या येणार आहे. सायकल गेली. सतरंजी मी झटकून घडी करून ठेवली.

संध्याकाळी वंदना कोल्हापुरी चटणीची पुडी द्यायला आली. मी जरा टोचूनच म्हटलं, आता तुझं डोकं शांत होईल, सायकलचा आवाज नाही.

"कसला आवाज काकू? तुमच्याकडे आणायच्या आधी सायकल दोन महिने आमच्याच हॉलमध्ये होती. मला काही त्रास नव्हता."

"मग माझ्याकडे का आणली?"

वंदनाने पुडी टेबलावर ठेवली. सांगू नको म्हणाले होते, म्हणाली. पण सांगितलं. काका असताना भारताची प्रत्येक विकेट आम्हाला भिंतीतून कळायची. ते गेले आणि मॅचच्या दिवशी तुमच्याकडून काहीच ऐकू येईना. हे सायकल चालवता चालवता एकदम थांबले आणि म्हणाले, हे बरोबर नाही. नुसतंच मॅच बघायला येतो म्हटलं असतं तर काकूंनी चहा पाजून परत पाठवलं असतं.

ते खरं होतं. मी तसंच केलं असतं.

शुक्रवारी मॅच होती. मी टीव्ही लावायचा नाही असं ठरवलं होतं. अडीच वाजता बेल वाजली. प्रकाश. हातात काही नाही. काही कारणही आणलं नव्हतं. मी बाजूला झाले, तो आत आला आणि सोफ्यावर बसला. पाय कुठे ठेवायचे हे त्याला कळेना. एकदा पुढे, एकदा मागे, शेवटी मांडी घातली. मी टीव्ही लावला. तिसऱ्या ओव्हरला त्याची मान कलली, चौथ्या ओव्हरला तो घोरायला लागला. तीन वर्षांची झोप असावी.

सहाव्या ओव्हरला मोठी विकेट पडली. मी आवाज कमी केला आणि त्याच्याकडे बघून हळूच म्हटलं, "बघ, मी म्हटलं नव्हतं?"