बिनतारी जोडी

मी एकदा नवस बोलले होते, की आमच्या घरातले बापलेक एकमेकांशी तोंडाने बोलेपर्यंत मी रोज संध्याकाळी मौन धरीन. अंधार पडला की तोंड बंद, ते ताटं वाढून झाल्यावरच उघडायचं. आजवर मी उपास केले, गोड सोडलं, अनवाणी चालले. पण ह्या नवसाला घरातून जितका मनापासून पाठिंबा मिळाला, तितका कशालाच मिळाला नव्हता. आमचे हे तर म्हणाले, "देवाला घाई करू नकोस हं. सावकाश पावू दे."

अबोल्याचं कारण शेजारचा तरुण दंतवैद्य. मुलगा गुणी, हसला की स्वतःच स्वतःची जाहिरात. ह्यांनी लेकीला न विचारता त्याच्या घरी शब्द टाकला, आणि आमची ठकू (नोकरीसाठी दुसऱ्या शहरात राहते, राग मात्र तिथूनही वेळेवर पोचतो) म्हणाली, यापुढे माझ्याशी बोलू नका. हे बोलले नाहीत. हट्टाच्या बाबतीत लेक पूर्णपणे बापावर गेली आहे.

मग एके दिवशी ठकूचा मला मेसेज आला. संगणकावर दोघांनी मिळून खेळायचा एक खेळ आहे. दोन हमाल अरुंद जिन्यावरून सोफा खाली उतरवतात. एक टोक ती तिथून धरणार, दुसरं बाबांनी इथून धरायचं. 'बोलायचं नाही, फक्त सोफा धरायचा,' असं तिनं मुद्दाम लिहिलं होतं. मला तो सोफा प्रत्यक्ष देवानंच पाठवल्यासारखा वाटला. रविवारची संध्याकाळ ठरली.

कीबोर्डवर ह्यांचं एकच बोट चालतं, तेही विचार करून. म्हणून कंट्रोलर घ्यायला आम्ही दुकानात गेलो. दुकानदारानं विचारलं, कुठला खेळ खेळणार? हे म्हणाले, "मुलीशी न बोलायचा." त्यानं पुढं काही न विचारता कंट्रोलर काढून मांडले. एक ह्यांच्या पंजात हरवला. एकाची बटणं अंगठ्याला सापडेनात. एक हातात झकास बसला, पण तो पीसीला चालणारा नव्हता. शेवटी जो सगळ्या बाजूंनी पसंत पडला, तो वायरचाही होता आणि वायरलेसही. दुकानदार म्हणाला, पहिल्यांदाच घेताय, वायरचा घ्या, खुपसला की चालू. पण आमचे हे पडले तारखात्यातून निवृत्त झालेले.

"सगळी उमर तारेत गेली," ते म्हणाले, "आता बिनतारी द्या."

(दुकानदारानं माझ्याकडे ज्या कणवेनं पाहिलं, त्यावरून त्याला 'तारेत'चा वेगळाच अर्थ लागला असावा.)

सोबतचं माहितीपत्रक मी रविवारी दुपारीच वाचून काढलं. कंट्रोलरच्या डोक्यावर एक बारीक बटण असतं. दिवा भराभर लुकलुकेपर्यंत ते दाबून धरायचं, मगच तो संगणकाला दिसतो. ह्यांना सांगायला गेले, तर म्हणाले, आत्ता नको, संध्याकाळी जोडताना सांग. मी बरं म्हटलं. संध्याकाळी अंधार पडतो, हे काही माझ्या ध्यानात आलं नाही.

अंधार पडला. ह्यांनी मधलं मोठं बटण दाबलं. कंट्रोलर थरथरला, संगणकाला त्याचा पत्ताच नाही. आमचा संगणक मराठीत आहे, कारण इंग्रजी सूचना आली की मला परीक्षेला बसल्यासारखं होतं. पडद्यावर आलं : 'जोडी जुळवण्यासाठी उपकरण निवडा.'

मी अंगठा स्वतःच्या डोक्यावर टेकवून दाबून धरला. हे म्हणाले, डोकं दुखतंय तर पड जरा. मग दिवा लुकलुकतो तसे मी डोळे भराभर मिचकावले. हे गोरेमोरे झाले. "अगं, ह्या वयात काय," म्हणाले. मी बटणाकडे हात नेला, तर वॉरंटी जाईल म्हणून कंट्रोलर उंच धरला. पत्रक पुढं केलं, ते कपाखाली गेलं. लिहून दाखवायचीही सोय नव्हती. मौनात लेखणीही बंद, असं शेपूट नवसाला मीच जोडलेलं (देवाला फसवल्यासारखं नको).

तिकडं ठकू सोफ्याचं टोक धरून ताटकळलेली. एरवी दोघांचे निरोप माझ्या तोंडून जात. आता नाइलाजानं ह्यांनी स्वतःचा फोन काढला. तारखात्याची सवय अशी, की जास्तीचा शब्द लिहिणं म्हणजे ह्यांना उधळपट्टी वाटते. पहिला मेसेज गेला : 'जोडी जुळत नाही. प्रयत्न चालू.'

तेवढ्यात पडद्यावरच्या यादीत एक नाव उगवलं. डेंटिस्ट. भिंतीपलीकडच्या दंतवैद्याचा बिनतारी स्पीकर. ह्यांनी लिहिलं : 'फक्त दंतवैद्य दिसतो. त्याच्याशी जुळवू का?'

मी दोन्ही हात हलवले, मान हलवली, ह्यांची बाही ओढली. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि तिसरा मेसेज पाठवला : 'आईचा होकार दिसतो.'

फोन लगेच वाजला. ह्यांनी तो गडबडीत स्पीकरवर घेतला.

"बाबा, मी त्या दंतवैद्याशी लग्न करणार नाही. एकदा सांगितलं, शंभरदा सांगेन."

"लग्न? अगं, मी तुझा सोफा उचलायचं यंत्र जोडतोय."

"मग जोडी कुणाची जुळवताय?"

"कंट्रोलरची. संगणक तसंच म्हणतो. दंतवैद्य म्हणजे त्याचा स्पीकर." ह्यांनी फोन जवळ ओढला. "त्यांच्याकडे मी तेव्हाच जाऊन नाही म्हणून आलो. तुला सांगायचं राहिलं. बोलणं बंद होतं ना आपलं."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज आला, आणि त्याच्या मागोमाग हसू. "बाबा, तुम्ही पण ना," ठकू म्हणाली.

बोलली की हो दोघं, तोंडाने. नवस फिटला. माझं तोंड आपोआप उघडलं, आणि त्यातून देवाच्या नावाआधी बाहेर पडलं, "अहो, वरचं बारीक बटण दाबून धरा!"

जोडी तत्काळ जुळली.

मग सोफा निघाला. "बाबा, तुमच्याकडून उचला." "तू आधी वळ, गाढवे." "जिना दिसतोय का तुम्हाला?" न बोलायचा खेळ असा रंगला, की भिंतीपलीकडून दंतवैद्यानं टकटक केली. सोफा वळणावर अडकला. इतक्या संध्याकाळींचं माझं साठलेलं बोलणं होतं, म्हणून मी प्रेमानं सुचवलं, की तो उभा करून बघा.

"तू मधे बोलू नकोस," दोघं एका सुरात म्हणाली. अबोल्यानंतर त्यांचं पहिल्यांदाच एकमत झालं.

फोन ठेवताना ठकूनं लाडात विचारलं, आई, तुझा तो नवस रविवारपुरता चालू ठेवता येईल का? हे म्हणाले, देवाला विचारून बघायला काय हरकत आहे.

तर बाई, तुमच्याही घरात कुणाचा अबोला असेल, तर तुम्हीही मौनाचा नवस बोला. पावतो, अनुभवानं सांगते. फक्त बोलताना त्यातच एवढं मागून घ्या, की फिटल्यावर आपल्यालाही कुणी बोलू द्यावं. माझं तेवढं मागायचं राहून गेलं.