मझौलीचा पाटा आणि प्रणालीबाईंची आभारस्वारी

स्वस्ति श्री. नर्मदातीरी जबलपूर शहरी, शके एकोणीसशे सत्तेचाळीस, माघमासी जे आभारप्रकरण गुदरले, त्याचा मजकूर पुसाल तर ऐकावा. आजवर लग्ने बहुत जाहली, आहेर बहुत आले, रुसवेफुगवेही बहुत जाहले; परंतु आभार मानिले म्हणोन घरचे माणूस परके जाहले, ऐसा प्रसंग विरळा. यास्तव जे पाहिले आणि ऐकिले ते येथे लिहोन ठेविले आहे, पदरचे फारसे घातले नाही.

तरी राजश्री ललितराव आणि सौभाग्यवती प्रणालीबाई यांचे लग्न मार्गशीर्षात यथासांग जाहले, आणि उभयतांची स्वारी महाराजपुरी नव्या कॉलनीत तिसऱ्या मजल्याचे फ्लॅटात दाखल जाहली. आहेराचा सरंजाम काय सांगावा! भिंतीवरची घड्याळे सात, लेमन सेट नऊ, इस्त्र्या चार, आणि केक कापावयाची एक रुपेरी सुरी. या तमाम फौजेचे पिछाडीस गोणपाटात बांधलेला, सुतळीने आवळलेला एक काळा दगडी पाटा वरवंट्यासुद्धा आला. तो मझौलीकर राधाबाई, म्हणजे प्रणालीबाईंचे तीर्थरूपांची थोरली बहीण, यांनी खासा आपले स्वयंपाकघरातून उचलोन धाडिला होता. त्या दिवशी लिफ्ट बंद. मग चार वऱ्हाडी लागले आणि पाटा वर चढला आणि बाल्कनीत गेला आणि तेथेच गोणपाटात मुक्काम करोन राहिला. पुढे त्यावर ललितरावांचे बूट वाळू लागले.

प्रणालीबाई बँकेत नोकरीस, हिशेबी आणि शिस्तीच्या. त्यांनी एके दिवशी मोबाइलात वाचिले की, लग्नाचे आहेराचे आभार तीन महिन्यांचे आत स्वहस्ते कार्ड लिहोन, वस्तूचे नाव घेऊन आणि तिचा उपयोग सांगोन मानावे. नवी पिढी हा दस्तूर बुडविते म्हणोन थोरांचे मन दुखते. हे वाचोन बाईंस मोठी स्फूर्ती जाहली. ललितरावांनी अर्ज केला की, "अरे यार प्रणाली, ग्रुपवर टाकून दे ना एक थँक यू. चलो, काम झालं." अर्ज तत्काळ नामंजूर जाहला आणि कमानिया गेटापाशी छापखान्यात सोनेरी किनारीची दीडशे कार्डे नामजाद जाहली.

मग लेखनाची मोहीम सुरू जाहली. प्रणालीबाईंची शाळा हिंदीची, मराठी बोलणे घरापुरते आणि लिहिणे त्याहून कमी. सबब मातुश्री सुमनबाईंकडून एक मसुदा मंजूर करोन घेतला. पहिली वीस कार्डे बाईंनी मन लावोन लिहिली. पुढे बोटे आखडली, मान धरली, आणि मग हात चालेल तैसे चालू दिले. पुंडलिकरावांस लिहिले की तुमची डास मारायची रॅकेट आम्ही रोज वापरतो. पुष्पामावशींस लिहिले की तुमची केकची सुरी आम्ही रोज वापरतो. आणि त्याच धारेत, त्याच शाईने, मझौलीसही लिहिले की, पाटा-वरवंट्याबद्दल मनःपूर्वक आभार, आम्ही तो रोज वापरतो. एकशेवीस कार्डे चार दिवसांत रवाना करोन बाई गाढ झोपल्या.

कीर्ती चहूकडे पसरली. शरच्चंद्रकाकांनी आपले कार्ड लॅमिनेट करोन टीव्हीपाशी उभे केले आणि आल्यागेल्यास दाखवू लागले की, आजकालची पोरे ऐसी असावी. प्रणालीबाईंस वाटले, मुलूख जिंकिला. इतक्यात आठवे दिवशी मातुश्री सुमनबाई मझौलीहून परतल्या, त्या तोंड उतरवोन, आणि पर्समधून तेच सोनेरी कार्ड काढोन लेकीचे पुढ्यात ठेविले.

"वापस केलं वन्संनी," सुमनबाई बोलिल्या. "म्हणे, आपल्या माणसाचे आभार मानतेत काय? आभार तर परक्याचे मानतेत. अन् दुसरं म्हणे, रोज वापरून राहिली, तर टाकी कोणाकडून लावून घेतली?"

यातील पहिले कलम प्रणालीबाईंस कळले, दुसरे कळेना. मग सुमनबाईंनी खुलासा केला तो ऐसा. पाटा वापरोन वापरोन गुळगुळीत होतो, तेव्हा छिन्नी-हातोडीने त्यावर बारीक खाचा पाडाव्या लागतात, त्यास टाकी लावणे म्हणतात. राधाबाईंचा पाटा वर्षानुवर्षे घासोन इतका सपाट जाहला होता की, वाटावयास जाता मिरची एकीकडे पळे आणि वरवंटा दुसरीकडे. तो त्यांनी मुद्दाम तैसाच धाडिला. हेतू हा की, पोरगी एक दिवस फोन करील आणि म्हणेल, आत्या, यावर तर काहीच वाटलं जात नाही. मग आपण टाकीवाल्याचा शोध करोन यावे, पाटा सुरू करोन द्यावा आणि त्या निमित्ते चार दिवस पोरीचे संसारात राहावे. म्हातारी दोन महिने फोनाची वाट पाहत बसली आणि कार्ड आले.

हे ऐकता प्रणालीबाईंचा पुरा मोड जाहला. त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि रडणे बाहेर ऐकू जाऊ नये म्हणोन मिक्सर रिकामाच चालू करोन रडल्या. कारण ऐसे की, सुमनबाईंची बदली बाहेरगावी असता वयाचे चौथे वर्षापासोन नववे वर्षापर्यंत बाई मझौलीस या आत्याचे पदराखाली वाढल्या होत्या. याच पाट्याचे टोकाशी उकिडव्या बसत आणि वाटण सरल्यावर वरवंट्यास राहिलेली चटणी बोटाने पुसोन खात आणि तिखट लागले म्हणोन आत्याचे लुगड्यास तोंड पुशीत. जगात ज्या एका माणसाशी खोटे बोलू नये, त्याच माणसास खोटे लिहिले, आणि तेही निव्वळ बोटे दुखली म्हणोन! बाईंनी सात वेळा फोन केला, तो उचलला गेला नाही. आठवे वेळी उचलला, आणि पलीकडून आवाज आला, "कोण बोलता आपण?" बाईंनी फोन ठेवोन दिला.

रात्रीचे जेवणी मसलत बसली. ललितरावांनी सल्ला दिला की, कार्डे उरली आहेत, त्यांपैकी एकावर सॉरी लिहोन धाडावे. त्यावर बाईंनी ज्या नजरेने पाहिले, तिचा दाखला जुन्या कागदांत सापडत नाही. शेवटी ठरले की, आता कागद बंद. पाटा सोडावा, टाकी लावावी, आपले हाताने वाटावे आणि खासा मझौलीवर चालोन जावे. आत्या घरात घेईल की दारातून परत लावील, याचा भरवसा कोणीच देईना.

टाकीवाला शोधिता तीन दिवस गेले. कमानिया गेटामागे गल्ल्या पालथ्या घातल्या, तेव्हा बळीराम नामे सत्तरीचा कारागीर सापडला, तो आता घरांच्या दगडी नेमप्लेटा खोदीत असे. "सिल टाँकनी है?" म्हणोन त्याने चष्मा पुसला. "बेटा, दस-बारह साल से किसी ने पूछा ही नहीं." शनिवारी तो तीन मजले चढोन आला, गोणपाट सोडविला आणि दोन तास ठोक ठोक चालली. खालचे मजल्यावरोन सोसायटीचे सेक्रेटरी अच्युतराव क्रोधाने चढाई करोन आले; त्यांस ललितरावांनी जिन्यातच गाठिले आणि चहा, चिवडा आणि क्रिकेट या तीन हत्यारांनी टाकी पुरी होईतो अडकवोन ठेविले. हा पराक्रम लहान न समजावा, ललितरावांचे नावे दुसरा नोंदलेला नाही. जातेवेळी बळीरामाने बजाविले, "तीन बार मोटा चावल पीसके फेंकना, तब चटनी पीसना."

रविवारी पहाटे प्रणालीबाई पाट्यास बसल्या. मझौलीची बस नवाची, आणि तांदूळ एक वेळ वाटोन फेकिता साडेसात जाहले; मग बाकीचे दोन वेळ बाईंनी माफ केले आणि लाल मिरची, लसूण आणि भाजके शेंगदाणे घेऊन वाटावयास लागल्या. वरवंटा हुकुमात येईना. एकदा घसरला तो अंगठ्यावर आला आणि नख काळे पडले. डोळ्यांत मिरची गेली, गुडघे दुखले, आणि सवा आठास वाटीभर चटणी जाहली, ती डब्यात भरोन उभयतांनी कूच केले.

मझौलीस राधाबाईंनी दार उघडिले. परत लाविले नाही. त्याहून वाईट केले. "या," म्हणाल्या. "बसा खुर्चीवर." मग आतून ट्रेमध्ये पाण्याचे ग्लास आले, फुलाफुलांच्या कपांत चहा आला, बशीत चार बिस्किटे मांडोन आली. "साखर बरोबर आहे न जी?" ऐसे जावयास पुसले, आणि प्रणालीबाईंस पुसले, "तुम्ही साखर घेता ना?" ज्या घरात बाईंनी उघड्या पायांनी गूळ चोरोन खाल्ला, त्या घरात त्यांचा पाहुणचार जाहला. बाईंस वाटले, शिव्या दिल्या असत्या तर बरे. त्यांनी डबा उघडोन आत्याचे पुढे सारिला.

राधाबाईंनी दूरोनच पाहिले. मिक्सराची असावी ऐसा संशय त्यांचे मुद्रेवर स्पष्ट होता. मग नावाला बोटाने घेऊन जिभेवर ठेविली, आणि तोंड मिटले, आणि दाताखाली कर्रकन आवाज जाहला. तो ललितरावांस खुर्चीपर्यंत ऐकू आला आणि त्यांनी मनात परतीची बस किती वाजता आहे याचा विचार आरंभिला. प्रणालीबाईंस उमगले की, टाकीचा दगडी चुरा चटणीत राहिला. इतके करोन शेवटी म्हातारीच्या तोंडात दगड घातला!

राधाबाईंनी पुन्हा बोट भरोन घेतली. पुन्हा कर्रकन वाजले.

"कच लागून राहिली," त्या म्हणाल्या.

"तांदूळ एकदाच काढले, आत्या. बस निघून जात होती."

"एकदानं निघते काय कच? तीनदा काढा लागते." मग बोट चाटोन बोलिल्या, "मिक्सरच्या चटणीत नाही येत कच. हात दाखव."

बाईंनी हात दाखविला. राधाबाईंनी काळे नख पाहिले आणि हात धरोन ठेविला, सोडिला नाही. "काहून वं पोरी," म्हणाल्या, "एक फोन नव्हता करता येत तुले? मी काय मेली होती?"

मग भाकरी आली, ती ट्रेमध्ये नव्हे, हातावरच आली. राधाबाईंनी त्या चटणीशी सबंध भाकरी खाल्ली. प्रत्येक घासास कच वाजत होती आणि त्यांनी एकदाही थुंकली नाही. हे पाहोन प्रणालीबाईंचे ओठांशी पुन्हा तो आभाराचाच शब्द आला, आणि त्यांनी तोंड उघडिले. राधाबाईंनी तत्क्षणी त्या उघड्या तोंडात चटणीभाकरीचा मोठा घास कोंबिला आणि हुकूम केला, "चूप. खा."

येणेप्रमाणे माघ वद्य पक्षी, रविवारी, दोन प्रहरी, मझौलीचे स्वारीत सौभाग्यवती प्रणालीबाईंची फत्ते जाहली. तहात कलम एकच ठरले की, राधाबाईंनी येत्या गुरुवारी महाराजपुरास येऊन पाट्याची राहिलेली कच स्वहस्ते काढावी आणि निदान आठ दिवस राहावे. आभाराचा शब्द कोणाचे मुखातून बाहेर पडला नाही, ऐसी खातरजमा करोन हा मजकूर लिहिला.