बारकूनाना आणि धूळ मोजायचं यंत्र

शेजारी बारकूनाना असल्यामुळे आम्हाला अंगण झाडायचीही चोरी आहे. खराटा हातात घेतला, की पलीकडून आवाज येतो, "वैनी, आदी पानी मारा! यंत्र बगतंय!"

यंत्र म्हणजे नानांच्या गच्चीवरचा पांढरा डबा. लोधिवलीपासून बरंच आत, डोंगराखाली आमची वाडी. इतक्या आडबाजूला हवेत धूळ किती, ते मोजायला मुंबईच्या एका मॅडमनी तो बसवला. आकडा डब्यावरच दिसतो. राखण नानांकडे. झालं! नानांनी सगळ्या वाडीला धारेवर धरलं. गोधड्या झटकायच्या त्या ओढ्यापलीकडे. वरात आली, तर नवरदेवाला घोड्यावरून उतरवून चालवत नेलं, कारण घोडा धूळ उडवतो. मी चुलीवर मिरच्या भाजल्या, तर माझ्याशी अबोला.

स्वतः सकाळ-संध्याकाळ गच्ची धुवायचे, डब्याभोवती ओली गोणपाटं टांगायचे. आकडा उतरला की स्वारी खूश. "हवा कशी, येकदम फस्क्लास!"

एकदा वैतागून मी विचारलं, "नाना, तो आकडा तुम्हाला बक्षीस देणार आहे का?"

"हिला आनायची हाय," एवढंच म्हणाले.

मला फार वाईट वाटलं. डोंगरात खडी फोडायचं मशीन आलं, तसा नानांच्या बायकोचा, जानकीकाकूंचा दमा वाढला होता. डॉक्टरांनी धुळीतून हलवायला सांगितलं, म्हणून लेक त्यांना अलिबागला घेऊन गेली. म्हशीपायी नाना मागे राहिले. भाकऱ्या थापतात त्या अजून दोघांच्या.

शिमग्याच्या तोंडावर मॅडम आल्या. गोणपाटं बघून रागावल्या नाहीत. नानांनी आपणहून सगळं सांगितलं, तेव्हा हळूच म्हणाल्या, "नाना, यंत्राला फसवाल हो. पण काकू काय या गोणपाटांत राहणार आहेत?"

नानांनी एकेक गोणपाट सोडलं. संध्याकाळपर्यंत आकडा चढतच गेला. नाना त्याच्यासमोर नुसते उभे होते.

मग ओट्यावर येऊन त्यांनी काकूंना फोन लावला. "शिमग्याला नको येऊ गं. नाय नाय, म्हस बरी हाय. मी बी बरा हाय. तू तितंच ऱ्हा, तितली हवा चांगली."

मी भाजी घेऊन गेले, तेव्हा फोन अजून हातातच होता.

"ती तयारच व्हती, वैनी," नाना म्हणाले. "पिशवी भरून बसली व्हती."