चौघांचं येतो

घर बंद करून गावाला कसं जावं हे माझ्याकडून शिकावं. आमच्या ओळखीतले बाकीचे लोक निघायच्या आठवडाभर आधीपासून गावभर डांगोरा पिटतात. ग्रुपवर बॅगांचे फोटो टाकतात, विमानाच्या खिडकीतून ढगांचे फोटो टाकतात, आणि परत आल्यावर घर धुऊन नेलेलं पाहून ऊर बडवत बसतात. अरे, चोराला तुम्हीच पत्ता दिलात, आता रडता कशाला? मी तसला माणूस नाही. मी लिफ्टचा मेकॅनिक आहे. माणसं वर-खाली करायची पण आवाज होऊ द्यायचा नाही, हा माझा धंदा.

यंदा तर मला जास्तच जपायचं होतं. या परक्या देशात आम्ही वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो आणि खाली इथलीच घरमालकीण. एकटी बाई, वय सत्तरीच्या पुढे. आमच्याकडे चमचा जरी पडला तरी ती झाडूच्या दांड्याने खालून छत ठोकते. म्हणून आम्ही तिला ठकठकबाई म्हणतो. भाडेकरार या हिवाळ्यात संपत होता आणि ठकठकबाईने सांगून ठेवलं होतं, "सुट्ट्या होऊ देत. तुम्हाला ठेवायचं की नाही ते मग सांगते." लेकीची शाळा रस्त्याच्या पलीकडे, बायकोचं ऑफिस चालत गाठण्याजोगं. हे घर गेलं तर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला जावं लागलं असतं. तेव्हा या सुट्टीत बाईच्या कानावर आमचा आवाज जाता कामा नये आणि तिच्या घरात चोर शिरता कामा नये, एवढं मी मनाशी पक्कं केलं.

पहाटे मोजे घालून, बॅगा डोक्यावर घेऊन उतरायचं ठरलं. दिवाणखान्यातल्या दिव्याला मी टायमर लावला. संध्याकाळ झाली की दिवा लागेल, रात्री विझेल. पण नुसत्या दिव्याला हल्लीचे चोर भीक घालत नाहीत. म्हणून आदल्या आठवड्यात मी जुना मोबाइल स्वयंपाकघरात डब्याच्या मागे लपवला आणि आमच्या घरातली एक अस्सल संध्याकाळ रेकॉर्ड केली. दिवा लागला की तीही त्याच मोबाइलच्या स्पीकरवर सुरू होणार, अशी जोडणी केली. बायकोला मोठ्या कौतुकाने ऐकवली.

त्यात भांड्यांचा आवाज होता. बातम्या बघताना मी दिलेल्या शिव्या होत्या. आणि मधून मधून आमची आई होती. आई तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आली आहे, आणि थंडीने तिचे गुडघे धरले आहेत. ती खुर्चीतून उठली की म्हणते, "आई गंऽऽ." बसली की म्हणते, "मेले गं बाई, मेले." आणि आमची आई एका जागी बसणाऱ्यांतली नाही.

"अहो, हे ऐकून चोर पळायचा राहील आणि डॉक्टरला घेऊन येईल," बायको म्हणाली.

"चोराला काय मराठी कळतंय?"

"कण्हायला मराठी लागत नाही."

मी दुर्लक्ष केलं. बायकोचं बोलणं मी नेहमी नंतर ऐकतो, म्हणजे ते खरं झाल्यावर.

आता आईच्या भाषेबद्दल सांगायला हवं. इथे आल्यावर तिला शेजारपाजारी बोलता यावं म्हणून माझ्या लेकीने तिला इथल्या भाषेतले चार शब्द शिकवायला घेतले. 'आभारी आहे' आलं. 'छान' आलं. निरोप घ्यायला 'मी जाते' शिकवू लागली, तशी आजीबाईंनी शाळाच बंद पाडली.

"जाते? जाते म्हणून कुणी बाहेर पडतं का? 'गेली' म्हणायची वेळ एकदाच येते, आणि तेव्हा ते दुसरे म्हणतात. मला 'येते' शिकव."

"आजी, पण तू तर जात असतेस."

"जाईना का. म्हणायचं येते."

लेकीने शिकवलं. आजीच्या हट्टापुढे भल्याभल्यांचं चालत नाही, ही तर पाचवीतली पोर. तेव्हापासून आई खाली बाईकडे कधी वाटी द्यायला गेली की निघताना तिच्या भाषेत "मी येते" म्हणून सरळ वर निघून यायची. बाई दार उघडं ठेवून थंडीत उभी राहायची. आम्हाला वाटायचं, काय आदब आहे. आजी जिना चढून जाईपर्यंत दार लावत नाही.

निघायच्या आदल्या दिवशी आई खालून हसतमुखाने आली. "निरोप घेऊन आले. माझे दोन्ही हात धरले रे बाईने. वरून खडूस आहे, पण आत माया आहे."

"तुला सांगायला कुणी सांगितलं होतं? गुपचूप जायचं ठरलंय ना आपलं?"

"सांगून निघावं माणसाने. मी काय भाषण ठोकलं का? चारच शब्द बोलले. उद्या, आम्ही, चौघं, येतो."

मला राग आला, पण म्हटलं, चला, बाईला कळलं तर कळलं. तीच घरावर लक्ष ठेवेल. यात काही काळंबेरं आहे हे माझ्या टाळक्यात आलं नाही. पन्नाशीला टेकलो, आयुष्यभर 'येतो' म्हणून घराबाहेर पडत आलो. हवेचा कुणी वास घेऊन बघतं का?

पहाटे आम्ही मोज्यांवर उतरलो. जिन्यात एके ठिकाणी पाणी गोठलं होतं. माझा पाय सरकला आणि मी उरलेल्या पायऱ्या बसून उतरलो. तोंडातून हूं नाही की चूं नाही. मफलर चावून धरला. बॅग छातीशी कवटाळली होती, बाळंतिणीने बाळ धरावं तशी. आवाज शून्य. गाडीत बसल्यावर मात्र गावापर्यंत एका कुशीवर बसलो.

सुट्टीपुरतं भाड्याने घेतलेलं बर्फातलं लाकडी घर झकास होतं. मी सगळ्यांचे फोन बंद करून पिशवीत कोंबले. सुट्टीत फोन बंद ठेवायला छाती लागते, असं सुनावूनही घेतलं. लेक घसरगाडीवर, बायको तिच्या मागे. लग्नानंतर तिला इतकं मोठ्याने हसताना मी पहिल्यांदा ऐकलं, आणि तेही मी तोंडावर पडलो तेव्हा. आई शेगडीपाशी दोन स्वेटर, शाल आणि कानटोपीत बसून बर्फाला नावं ठेवत होती. "नुसतं पांढरं. विधवेच्या कपाळासारखं."

"आई, असं बोलू नये," बायको म्हणाली.

"मी विधवाच आहे. मला चालतं."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रस्ता उद्या उघडा आहे का ते बघायला मी फोन चालू केला, आणि तो हातात मिरगी आल्यासारखा थडथडू लागला. ठकठकबाई, ठकठकबाई, ठकठकबाई. मग एक अनोळखी नंबर. तेवढ्यात तोच पुन्हा वाजला.

"अग्निशमन दल," पलीकडून एक भारदस्त आवाज आला. "तुम्ही जिवंत आहात का?"

"हो."

"सगळे?"

मी वळून पाहिलं. "आई तिसरा स्वेटर चढवतेय. पण आहे."

"मग तुमच्या स्वयंपाकघरात कोण मरतंय?"

आणि त्याच्या पाठीमागून, आमच्याच घरातून, स्पष्ट ऐकू आलं: "मेले गं बाई, मेले."

शेगडीपाशी बसलेल्या आईने मान वर केली. "अगं बाई. हा माझा आवाज."

"साहेब, तो मोबाइल आहे. डब्याच्या मागे," मी म्हणालो.

बराच वेळ पलीकडे नुसती डब्यांची आदळआपट. मग "आई गंऽऽ" अर्ध्यावर तुटलं. साहेब फोनवर परत आले. "सापडला. तुमचं दार आम्ही काढून भिंतीला टेकवून ठेवलंय."

आम्ही रात्र कशीबशी काढली आणि उजाडताच निघालो. गाडीत बायको फक्त एकदा म्हणाली, "कण्हायला मराठी लागत नाही, असं कोणीतरी म्हणालं होतं." मी गाडी चालवण्यात गर्क असल्याचं सोंग केलं.

वर पोचलो तर दार खरंच भिंतीला टेकून उभं, शाळेत अंगठे धरायला लावलेल्या पोरासारखं. आणि उघड्या चौकटीत स्टुलावर, ओव्हरकोट घालून, हातात झाडू धरून ठकठकबाई बसलेली. आमच्या घराची राखण करत. मला पाहून उठली आणि जे बोलत सुटली, त्यातलं निम्मं लेकीने भाषांतर केलं नाही. "बाबा, हे शब्द शाळेत शिकवत नाहीत."

उरलेल्या निम्म्याचा अर्थ असा. आजींनी सांगितलं होतं, उद्या आम्ही चौघं येतो. इतक्या वर्षांत तिच्याकडे एकदम चार माणसं जेवायला आलीच नव्हती. तिने चांगला टेबलक्लॉथ काढला. सूप केलं, बटाटे भाजले, घरात चारच खुर्च्या म्हणून स्वतःला हे स्टूल पुसून ठेवलं. वाट पाहिली. वर दिवा लागलेला, भांडी वाजताहेत, मी शिव्या देतोय, म्हणजे माणसं घरात आहेत. मग येत का नाहीत? तिला अपमान वाटला. तिने छत ठोकलं. वरून कण्हणं आलं. पुन्हा ठोकलं, पुन्हा कण्हणं. मग दिवा गेला आणि कण्हणंही गेलं. तिने मनाची समजूत घातली, झोपले असतील. पण दुसऱ्या दिवशी अंधार पडल्यावर पुन्हा तेच कण्हणं, त्याच सुरात. ती वर आली, दार बडवलं, बेल दाबली. मी बेलची तार काढून ठेवली होती. चोराने बेल वाजवून खात्री करू नये म्हणून.

"मला वाटलं हीटरचा धूर कोंडलाय," बाई म्हणाली. आता ती माझ्याकडे नाही, आईकडे बघत होती. "बाकीचे गेले आणि तुम्ही एकट्याच उरलात. बंब येईपर्यंत मी इथे जमिनीवर बसून दाराच्या फटीतून तुमच्याशी बोलत होते. झोपू नका, झोपू नका, मी इथेच आहे."

लेकीने हे आईला सांगितलं. आई पुढे गेली आणि तिने बाईचे दोन्ही हात धरले. हात बर्फासारखे होते. आईने आपली शाल काढून बाईच्या खांद्यावर टाकली.

मग आम्ही खुलासा केला. आमच्यात जाताना जातो म्हणत नाहीत.

"मग काय म्हणतात?"

"येतो."

"आणि येत असाल तेव्हा?"

"तेव्हाही येतो."

"मग कळतं कसं?"

लेकीने आजीकडे पाहिलं. आई शांतपणे म्हणाली, "चपलांचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते बघायचं."

बाईने खाली आमच्या बुटांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि झाडू घेऊन खाली निघून गेली. घराबद्दल एक अक्षर नाही.

सुट्टी संपायच्या आत नवीन दार बसलं. जाडजूड, भक्कम, ज्याच्यातून मुंगीचाच काय पण हत्तीचाही आवाज आत येणार नाही. बाईनेच मागवलं. त्या संध्याकाळी ती ते बघायला वर आली. आमच्या निकालाचा दिवस. आम्ही परीक्षेला बसल्यासारखे ओळीने बसलो. मी माफीचं भाषण इथल्या भाषेत घोकून ठेवलं होतं, पण तिने हात वर करून मला थांबवलं. दार दोनदा उघडून मिटून पाहिलं. आईकडे बघून मान हलवली. मग उंबऱ्यावर उभी राहून, घसा खाकरून, एकेक अक्षर सुटं करत चक्क मराठीत म्हणाली:

"ये... ते."

आईला आनंदाचं भरतं आलं. रोज दुपारी खाली जाऊन ही हेच शिकवत होती तर. मलाही भरून आलं. मी उठलो, वाकून "या, या" म्हणालो, आणि दार अदबीने लावून घेतलं. कडीसकट.

"अहो, पण घराचं काय ते सांगितलंच नाही त्यांनी," बायको म्हणाली.

"अगं, येते म्हणाली. आपल्या भाषेत निरोप घेतला बाईने. हा होकारच समज."

मी टीव्ही लावला, बातम्या बघत शिव्या द्यायला घेतल्या. आई खुर्चीतून उठली. "आई गंऽऽ. मेले गं बाई, मेले."

थोड्या वेळाने रस्त्यावर भोंगा वाजला. मी म्हटलं, बघा, कुणाच्या तरी घरी आग लागलेली दिसते. लोक काळजीच घेत नाहीत. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या खिडकीवर टकटक झाली. आम्ही वरच्या मजल्यावर राहतो. मी पडदा सरकवला. शिडीवर अग्निशमन दलाचे तेच साहेब, हेल्मेट घातलेले.

"तुम्ही जिवंत आहात का?" साहेबांनी विचारलं.

"हो."

"मग दार उघडा. बाहेर बाई दार बडवून थकल्या, सुपाचं पातेलं घेऊन उभ्या आहेत. त्या म्हणतात, त्यांनी येते म्हणून सांगितलं होतं."

बेलची तार अजूनही माझ्या खिशातच होती.

मी दार उघडलं. बाईने मला बाजूला सारून पातेलं टेबलावर ठेवलं. चौघांचं सूप, मागच्या वेळी वाढायचं राहून गेलेलं. घर तुमच्याकडेच राहील, ती म्हणाली. पण एक अट. यापुढे निघताना कुणी कुठल्याही भाषेत काहीही बोलायचं नाही. आई नाखुशीने कबूल झाली आणि वाटपाला लागली.

साहेब जिन्याने वर आले होते. कडीची, बेलची, माझी पाहणी केली, आणि निघताना त्यांच्या भाषेत म्हणाले, "मी जातो."

आईने वाढता वाढता पळी थांबवली. "जातो म्हणू नये हो. येतो म्हणावं."

लेकीने प्रामाणिकपणे भाषांतर केलं.

साहेबांनी हेल्मेट घातलं. "आजींना सांग," ते म्हणाले, "तुझे बाबा इथे असेपर्यंत ते वेगळं म्हणायची गरज नाही."