हल्ला कोणी केला आणि सबनीसकाका

आमच्या खालच्या मजल्यावरचे सबनीसकाका बातमीची उलटतपासणी घेतात. दूधवाला म्हणाला, "उद्या गाडी उशिरा येणार," तर काका दारातच विचारतात, "तुला कोणी सांगितलं? त्याने स्वतः पाहिलं का?" आयुष्यभर कोर्टात कारकुनी केलेला माणूस! वर्तकनगरात तेव्हापासून दूधवाला बेल वाजवून पळतो.

मध्ये परदेशात, वाळवंटातल्या एका बंदराच्या शहरात कुणा बड्या सेनापतीच्या गाडीवर, नेमक्या त्याच्याच गाडीवर, हल्ला झाला. कोणी केला हे जगात कोणालाच कळत नव्हतं. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मात्र दुपारपर्यंत चार गुन्हेगार सापडले.

"खात्रीलायक सूत्रांकडून कळतंय," बी विंगचे पाटील म्हणाले.

"सूत्रांना हजर करा," काका म्हणाले.

त्यांनी वही काढली. तीन रकाने आखले : पाहिलेलं, ऐकलेलं, ठोकून दिलेलं. तिसऱ्याला लगेच पुरवणी जोडावी लागली. पाटलांनी हल्ल्याचा व्हिडिओ आणला. काकांनी तो चष्मा वर करून तीनदा पाहिला आणि टाळी वाजवली. "अहो, वाळवंटात बर्फ पडतोय! साक्षीदार फुटला!" पाटीलही पोट धरून हसले.

तिसऱ्या दिवशी ग्रुपवर कुणाच्या तरी मेव्हण्याचा आवाजी निरोप आला : आता बंदरावरच्या कामगारांवर हल्ला झालाय. तिसऱ्या मजल्यावरच्या शुभांगीताईंचा मुलगा निनाद तिथेच इलेक्ट्रिशियन. सकाळपासून त्याचा फोन लागत नव्हता. त्या खाली बाकावर येऊन बसल्या आणि रडायलाच लागल्या.

"ऐकीव आहे हो सगळं," काका म्हणाले. रडणं थांबेना. मग काका वही मिटून शेजारी बसले.

"निनाद सुखरूप आहे. मला पक्कं कळलंय."

"कोणाकडून?"

"तिथे माझा माणूस आहे. फक्त फोन बंद आहेत."

ताईंनी डोळे पुसले. काका चार तास तिथून हलले नाहीत. निनाद लहानपणी कसा होता, हे त्यांनी ताईंकडून खोदून खोदून वदवून घेतलं.

संध्याकाळी फोन वाजला. "आई, रडतेस काय? नेटवर्क नव्हतं गं. मी झोपलेलो!" ताई हसत-रडत पेढे आणायला धावल्या. पाटलांनी तर शिट्टीच मारली.

जिना चढताना मी विचारलं, "काका, तुमचा तिथला माणूस कोण?"

"कोणी नाही रे." दाराशी ते किल्ली चाचपत राहिले. "आमच्या हिच्या शेवटच्या आजारात डॉक्टरांनी मला सगळं खरं तेच सांगितलं. बाहेरच्या बाकावर एकटाच बसलो होतो. कुणीतरी शेजारी बसून, खोटं का होईना, काहीतरी बोलायला हवं होतं."

कुलूप उघडलं. हातातल्या पेढ्याकडे बघत म्हणाले, "आत ये की. एकट्याने कसला खायचा!"