अष्टमीस चुकले आणि पौर्णिमेस खाडी राखिली, त्याची बखर

श्रीसमुद्र समर्थ. ज्याने नद्यांस पोटी घेतले आणि खाड्यांस दारी ठेविले, त्यास प्रथम नमन करून पाणथळ राखल्याचे वर्तमान लिहिले जाते. शके १९४१, विकारीनाम संवत्सर, माघ मास. ते समयी राजधानीचे उत्तरेस खाडी होती, आणि खाडीकडेस तिवरांचे रान, आणि रानांत वीस बिघे पाणथळ. त्या जागेवर एक मातबर भरावकरी शेट मातीच्या गाड्यांची फौज घेऊन डोळा ठेवून होता. त्याने सरकारांत अर्ज गुदरला की, जमीन कोरडी, भरतीचे पाणी पोहोचत नाही, सबब भराव घालून इमारती उभारण्यास परवानगी असावी. या मसलतीस आडवे उभे राहिले ते खाडीरक्षक मंडळ. माणसे चाळीस, शस्त्र म्हणावे तर हातमोजे आणि कचऱ्याची पोती; परंतु बारा वर्षे दर रविवारी चिखलांत उतरून त्यांनी खाडीचा गळा मोकळा राखिला होता. मंडळाच्या मुख्य कुमुदिनीबाई धारप. तीस वर्षे शाळेंत भूगोल शिकविला, भरती-ओहोटीची आकृती फळ्यावर डोळे मिटून काढीत, आणि वादांत प्रतिपक्षास पाणी मागू देत नसत.

सरकारांतून भूमापनाचे दफ्तरदार नेमिले, आणि हुकूम जाहला की, एक वेळ स्थळपाहणी करावी, समक्ष दिसेल ते लिहावे, आणि तेच कायम. दिवस कोणता, ऐसे मंडळास पुसिले. बाईंनी तत्काळ लिहून दिले, "रविवार, दोन प्रहरी." कारण मंडळाचे काम रविवारी आणि माणसांस सुटीही रविवारी. तो रविवार माघ शुद्ध अष्टमीचा निघाला.

मग दफ्तरदार आले, आणि पाणथळींत खुर्ची मांडून बसले, आणि दोन घटका वाट पाहिली, तरी चिखल सुकतच चालला. शेट म्हणाला, "बाई, पाणी शाळेंत गेले काय?" त्याची माणसे हसली. बाईंजवळ पोशा तांडेल उभा होता. कोळीवाड्यांतला म्हातारा, जाळी टाकण्यांत जन्म गेला. बाईंनी हळूच पुसिले, "तांडेल, पाणी का आले नाही?"

तो म्हणाला, "बाय, आज आठम. भांगाचं पानी. त्यात दुपारची सुकती. तुमी आयतवार बगितला, तिथ नाय बगितली."

"मग अगोदर का बोलला नाहीत?"

"इचारलंत कुनी? तुमी मास्तरीन."

अष्टमीस चंद्राचा जोर तुटतो आणि पाणी खाडीबाहेर चढत नाही, त्यासच कोळी भांग म्हणतात, आणि ओहोटीस सुकती. बाईंस सर्व उमगले. फळ्यावरला चंद्र बरोबर होता; दिनदर्शिकेवरील तिथीचे बारीक अक्षर तेवढे वाचावयाचे राहिले. इकडे दफ्तरदार कारकुनाकडून 'कोरडी' ऐसे लिहविणार, तों बाईंस दोन मार्ग दिसले. हवेस दोष द्यावा, नाल्यास दोष द्यावा, तर आपली अब्रू राहते आणि पाणथळ जाते; चूक कबूल करावी, तर अब्रू जाते आणि पाणथळीची आशा राहते. मग बाई चिखलांत पुढे जाहल्या आणि सर्वांदेखत बोलिल्या, "साहेब, चूक माझी. तीस वर्षे मुलांस शिकविले की अष्टमीस पाणी मंदावते, आणि आपणांस अष्टमीसच बोलाविले. शून्य गुण मला द्यावे. खाडीस नापास करू नये."

दफ्तरदार करडे, परंतु न्यायी. म्हणाले, "तिथी चुकली तर पाहणी पुरी जाहली नाही, हे मान्य. पुन्हा आलो आणि पाणी आले नाही तर?"

"तर मंडळ हरकत मागे घेईल, आणि मी या वाटेस पुन्हा येणार नाही."

मंडळींचे चेहरे उतरले. बारा वर्षांची राखण एका दिवसावर लागली. मग बाई पोशाकडे वळल्या आणि या खेपेस आधी विचारिले. पोशाने बोटांवर मोजून सांगितले, "पुढला आयतवार पुनव. तिथीची पाऊणपट करायची, तो भरतीचा टाइम. पंधराची सव्वाअकरा. खुर्ची हितंच ठेवा."

पौर्णिमेस दफ्तरदार दहा वाजतां त्याच खुर्चीवर बसले आणि जोडे काढून बाजूस ठेविले. प्रथम बिळांतून खेकडे निघाले, मग चिखलांत निवट्या मासोळ्या उड्या मारू लागल्या, आणि मग तिवरांच्या मुळांमधून पाणी आले, गाजावाजा न करितां, जैसा घरधनी आपल्या घरी येतो. साडेदहास घोटे बुडाले. शेट म्हणाला, "हे नळाचे पाणी. कोठे नळ फुटला असेल."

पोशा म्हणाला, "चाखून बगा शेट. खारट लागला, तर नळवाल्याची तकरार आमीच करू."

शेट चाखेना. सव्वाअकरास पाणी दफ्तरदारांचे गुडघ्यास लागले, आणि जोडे तरंगत शेटच्या मोटारीकडे चालते जाहले, आणि कारकून कागद डोक्यावर धरून उभा राहिला. दफ्तरदार न हलतां बोलिले, "लिहा. जमीन नव्हे, खाडी. भराव नामंजूर."

कारकून म्हणाला, "साहेब, आधी उठावे."

"आधी लिहा."

सारांश, वीस बिघे पाणथळ राहिली, आणि मंडळाचे नाव राजधानींत गाजले. ती खुर्ची सरकारांतून कोणी परत मागितली नाही. मंडळाने ती तेथेच रोविली, आणि दर उधाणास तिच्या पाठीवर पाण्याची खूण उमटते. मंडळाच्या फळ्यावर आतां तिथी आधी आणि वार मागून. कुमुदिनीबाई स्वहस्ते लिहितात, आणि पोशा तांडेल होय म्हटल्यावांचून खडू खाली ठेवीत नाहीत.