परत नेण्याचा माल : घोडी, नग एक

हिंमतरावांचे पणजोबा बडोदे संस्थानच्या पागेत होते, आजोबा होते, आणि वडिलांची पाळी आली तेव्हा संस्थानच उरलं नाही. हिंमतरावांच्या वाट्याला पागेपैकी एकच गोष्ट आली, ती म्हणजे घोड्याचं वेड. ते ड्रेसाज शिकवत आणि त्याच्या स्पर्धांचे परीक्षक म्हणून गुजरातभर हिंडत. हा खेळ ज्यांना ठाऊक नाही त्यांना सांगायचं तर, आखलेल्या मैदानाच्या कडेनं अक्षरांच्या आठ पाट्या लावतात आणि स्वार या पाटीपासून त्या पाटीपर्यंत ठरलेल्या चालीनं घोडा नेतो. पळायचं नाही, उडी मारायची नाही, कुठे पोचायचंही नाही. घोड्यानं मान वाकवून, तोंडातलं लोखंड निमूट चघळत, स्वाराच्या मनातलं ओळखून चालायचं. परीक्षक शून्य ते दहा गुण देतो.

महिन्यातले वीस दिवस हिंमतराव रस्त्यावर. मागे मेटाडोरमध्ये जमना घोडी, टपावर सुतळीनं बांधलेल्या पाट्या, पुढे ड्रायव्हरशेजारी मांडीवर हॅट घेतलेले हिंमतराव. आणंद, भरूच, राजकोट, मुक्काम मिळेल त्या वऱ्हांड्यात. प्रत्येक जकात नाक्यावर घोडीला जकात आणि पाट्या माफ, की पाट्यांना जकात आणि घोडी माफ, यावर पाऊण तास चर्चा. एखादी नोकरी धरा, असं चिमणाबाई लग्नापासून सांगत आल्या होत्या. परीक्षकानं कुणाच्या हजेरीपटावर असू नये, असं हिंमतराव दर वेळी सांगत.

सत्त्याण्णव साली बडोद्याजवळच्या नंदेसरीच्या एका रंगाच्या कारखान्यानं जर्मन कंपनीशी भागीदारी जमवत आणली. जर्मन माणूस ड्रेसाज बघून विरघळतो, असं एमडी साहेबांनी विमानात कुणाकडून तरी ऐकलं. महिन्याभरानं पाहुणे येणार होते. तोवर चार अधिकाऱ्यांना घोड्यावर बसतं करायचं आणि हिरवळीवर स्पर्धा भरवायची, असं ठरलं. हिंमतरावांना बोलावणं गेलं.

कारखान्याला नुकतंच आयएसओचं प्रमाणपत्र मिळालं होतं. त्या वर्षांत प्रमाणपत्र नसलेल्या कारखान्याकडे लोक लग्न न जमलेल्या मुलाकडे बघावं तसे बघत. गेटचा कारभार रमाकांत नावाच्या अधिकाऱ्याकडे होता. त्यांचे आजोबा संस्थानच्या दफ्तरखान्यात होते, त्यामुळे कागदाबद्दलचा आदर त्यांच्या अंगातच होता. त्यांनी अत्यंत अदबीनं फॉर्म पुढे केला.

"काका, परत न्यायचा माल आहे ने? मग हा गुलाबी फॉर्म. जसा आत, तसा बाहेर. वजनाच्या रकान्यात अंदाजे चारशे लिहा, चालेल."

इथे हिंमतरावांच्या हातून चूक झाली, आणि ती सज्जन माणसाच्याच हातून होते. अंदाजे हा शब्द आपण आयुष्यात कागदावर लिहिलेला नाही, असं त्यांनी ताठ मानेनं सांगितलं आणि जमनेला ट्रकच्या वजनकाट्यावर उभं केलं. तीनशे पंच्याऐंशी किलो. फॉर्मवर नोंद झाली : घोडी, नग एक, रंग तपकिरी, चालू स्थितीत, वजन ३८५.

संध्याकाळी बाहेर पडताना काटा तीनशे ऐंशीवर थांबला. पाच किलोंचं काय झालं ते हिरवळीवरच्या सगळ्यांनी पाहिलं होतं. माळ्यानं ते उचलून लगोलग एमडी साहेबांच्या गुलाबांना घातलंही होतं. हिंमतरावांनी हे शक्य तितक्या सभ्य भाषेत सांगितलं. रमाकांतांना पटलं. पण गुलाबांना घातलेला माल बागखात्यात खर्ची पडला होता, आणि खर्ची पडलेला माल परत काढता येत नाही.

मग जमनेला दोन बादल्या पाणी पाजलं. काटा चारशेवर गेला. आता पंधरा किलो कंपनीचं पाणी बाहेर चाललं होतं. थांबणं भाग होतं. ती थांबली, काटा हळूहळू उतरला आणि बरोबर तीनशे पंच्याऐंशीवर आला, तेव्हा काट्यावरच्या कारकुनाची पाळी संपली होती. दुसरा कारकून येऊन, चष्मा पुसून, वहीत तारीख घालीपर्यंत जमनेनं पुन्हा पाच किलोंचा फरक केला.

माल जुळत नसला की त्याला लाल टॅग लावून बाजूला ठेवायचा, असं आयएसओच्या पुस्तकात होतं. जमनेच्या कानाला टॅग लागला आणि तिची भंगाराच्या शेडशेजारी रवानगी झाली. लाल टॅगच्या मालाला निर्णय होईपर्यंत कुणी हात लावायचा नसतो. चारा घालणं म्हणजे हात लावणं की नाही, हा प्रश्न अहमदाबादच्या सल्लागाराकडे फॅक्सनं गेला.

दुसऱ्या दिवशी वजन तीनशे चौऱ्याहत्तर भरलं, तिसऱ्या दिवशी तीनशे पासष्ट. आता मात्र गेट हादरलं. कुलूपबंद आवारातून घोडी रोज थोडी थोडी चोरीला जात होती. चौकशी समिती नेमली गेली. तिनं पहिला संशय हिंमतरावांवर घेतला, कारण मालाची खडान्‌खडा माहिती त्यांनाच होती, आणि त्यांचा पास रद्द केला.

हिंमतराव कुंपणाबाहेर उभे राहिले. आतून जमना त्यांचा आवाज ओळखून खिंकाळे आणि त्यांचा जीव तुटे. त्यांनी हिरव्या रजकोच्या, म्हणजे लसूणघासाच्या, पेंढ्या भिंतीवरून आत टाकायला सुरुवात केली. हा चलनाशिवाय आलेला माल ठरला. रमाकांतांनी तो पेंढी-पेंढी मोजून जप्त केला, आणि स्वभावानं दयाळू असल्यामुळे जप्त माल ठेवायची जागा म्हणून भंगाराची शेड निवडली. जमना जगली ती या पळवाटेवर. राजकोटची स्पर्धा मात्र हिंमतरावांशिवाय झाली, मग भरूचचीही झाली.

पाहुणे आले. घोडी टॅगखाली असल्यामुळे त्यांना ड्रेसाज प्रोजेक्टरवर दाखवण्यात आलं : एक चौकोन, आठ अक्षरं आणि बाण. एकही प्राणी न वापरता इतकी शिस्त त्यांनी आजवर पाहिली नव्हती. करारावर सह्या झाल्या.

"आता तरी सोडा," हिंमतराव रमाकांतांना म्हणाले. त्यांचा आवाज इतका खाली आलेला कुणी ऐकला नव्हता. "काम झालं तुमचं. ती म्हातारी होत चालली आहे. माझ्याकडे दुसरं काही नाही."

रमाकांतांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी ते पुसलं आणि फॉर्म बंद कसा करायचा, असं विचारलं.

उपाय काढला पर्सोनेल खात्याच्या मृदुलाबेननी. फायलीवरून नजर न उचलता त्या म्हणाल्या, "मालाचं वजन करायचं असतं. कर्मचाऱ्याच्या वाहनाचं कोण करतं? काकांना कर्मचारी करून टाका, घोडी सीधी पार्किंगमधून जाईल."

नेमणुकीचं पत्र तयारच होतं. पद : शिस्त पर्यवेक्षक. वेळ : सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. बाहेरगावी जायचं तर पंधरा दिवस आधी अर्ज, दुसरीकडे परीक्षण करायला मनाई. हिंमतरावांनी पत्र दोनदा वाचलं. शेडच्या बाजूनं खिंकाळणं ऐकू आलं. त्यांनी सही केली.

त्याच संध्याकाळी जमना बाहेर पडली. तिच्या खोगिरावर वाहनतळाचा बिल्ला होता. त्यावर वाहनाचा प्रकार दुचाकी छापलेला होता, कारण तिसरा रकाना नव्हता. कुणी तिला थांबवलं नाही. चिमणाबाईंनी त्या दिवशी शिरा केला. आठही पाट्या माळ्यावर गेल्या.

हिंमतरावांना गेटशेजारी उंचावर एक खोली मिळाली. खिडकीतून हजेरीच्या कार्डाच्या यंत्रापुढची कामगारांची रांग दिसे. पहिल्या दिवशी त्यांनी नुसतं पाहिलं. पुढे सहाचा भोंगा झाला की त्यांचा हात आपोआप कागदाकडे जाऊ लागला. ओळ सरळ आहे. चाल एकसारखी. मान योग्य वाकलेली. थांबा म्हटलं की चारी बाजूंनी स्थिर. स्वार कुठे दिसत नाही, तरी त्याच्या मनातलं ओळखून चालतात. घोड्यांमध्ये त्यांनी असं काम कधी पाहिलं नव्हतं. आज्ञाधारकपणाच्या रकान्यात त्यांनी दहा लिहिले, आणि आपण स्वतः त्या रांगेत शेवटी जाऊन उभे राहिले.

ही रांग नंदेसरीलाच लागते असं नाही. गोरव्यात लागते, हरणीत लागते, तुमच्याकडेही लागत असेल. वाचता वाचता मान जरा ताठ झाली असेल तर वाकवून घ्या. गुण चांगले पडतायत तुम्हाला.